शाळा कोणाच्या धान्यावर चालते?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र आता हा दिवस 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळतो. पण त्या काळात हजेरीपटावर नाव चढले म्हणून शाळा आपली होत नसे. शाळकरी वयातल्या आठवणी सांगताना बाबासाहेबांनी लिहिले आहे, की वर्गात घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. समाज जसा, तशीच त्याची शाळा. तिच्यात जातपात, मानपान, गरीब-श्रीमंत हे सगळे आधीच येऊन बसलेले असते. शाळेने समाज बदलावा असे वाटत असेल, तर आधी शाळेचा कारभार बदलावा लागतो.

तो बदलण्याचा मोठा प्रयोग याच मुलखात झाला. तेव्हा आजच्या सांगलीतले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये ते आणि आसपासची संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

पैसा रयतेचा, शिक्षण कोणाचे?

जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, तर सावित्रीबाईंचे माहेर खंडाळ्याजवळचे नायगाव. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी नेमके दुखणे सांगितले होते: सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. प्राथमिक शाळांकडे कोणी पाहत नाही आणि शिक्षकही खेड्याची जाण असलेले नसतात.

भाऊराव पाटलांनी हे दुखणे आपले मानले. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला जन्मलेल्या भाऊरावांचे घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, त्यावरून वाद झाला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर खपवले, ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी भांडवल जमवले. या कामांसाठी गावोगाव फिरताना खेड्यातली हुशार पोरे शाळेअभावी गुरांमागे कशी जातात, हे त्यांनी रोज पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी सांगली-मिरजेच्या मध्ये विश्रामबागला डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन कॉलेज काढले. या भागाला कॉलेजची गरज होतीच. पण कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच जी पोरे गळत होती, त्यांची सोय भाऊरावांना लावायची होती.

बोर्डिंगची चूल

त्यांनी सुरुवात केली ती बोर्डिंगपासून. खेड्यातल्या मुलाला फी माफ करून भागत नाही, शहरात त्याला दोन वेळचे जेवण लागते. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकत्र राहत, एकाच चुलीवरचे खात. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. एका पंगतीत बसून झालेला जातीचा धडा कुठल्याही पुस्तकापेक्षा खोल जातो. त्याच मुलांनी पुढे गावी जाऊन मास्तरकी केली, तेव्हा तो धडा गावांपर्यंत गेला.

धान्य आणायचे कुठून? घरोघरी दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याचा मुष्टिफंड निघाला. त्यावरही भागेना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने दिले. मुले शेतात राबत, दगड फोडत, पाळीपाळीने स्वयंपाक करत. याच शिस्तीतून 'कमवा आणि शिका' आकाराला आले. त्यात उपकाराचा भाव नव्हता. मुलगा आपल्या श्रमाने फी भरत होता, म्हणून त्याची मान ताठ राहत होती.

पुढची पावलेही विचार करून टाकलेली दिसतात. १९३५ मध्ये शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज आले, कारण खेड्यातल्या शाळेला खेड्यातलाच मास्तर हवा होता. त्यानंतर गावांच्या सहकार्याने चालणाऱ्या व्हॉलंटरी शाळा निघाल्या आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडचे गाडगे महाराज कॉलेज. गांधीहत्येनंतरच्या वातावरणात काही काळ सरकारी अनुदान थांबले, तरी संस्था बंद पडली नाही. ज्या घरांनी मूठमूठ धान्य दिले होते, त्यांना ती आपली वाटत होती.

कारखाना, बँक, कॉलेज

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलत गेले. १९४७ मध्ये सांगलीत सुरू झालेले इंजिनिअरिंग कॉलेज पुढे वालचंद हिराचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. उसाला पाणी आले, साखर कारखाने उभे राहिले, त्यांच्यामागून बँका, दूध संघ आणि शिक्षणसंस्था आल्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना राज्यात परवानगी मिळाली. तोवर प्रवेशासाठी कर्नाटकात जाणाऱ्या मराठी मुलांना घराजवळ जागा मिळाल्या. त्याच वर्षी वाळवा तालुक्यातल्या साखराळ्याला राजारामबापू पाटलांच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले.

या निर्णयाने वाळवा-पलूसच्या शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला, हे नाकारता येणार नाही. पण खर्चाचा भार मात्र मुलाच्या घरावर आला. मुष्टिफंडात गाव मिळून एका मुलाला शिकवत होते. फीच्या व्यवस्थेत प्रत्येक घर आपापले कर्ज काढू लागले. ज्याच्याकडे गहाण ठेवायला जमीन नाही, तो रांगेत सर्वात मागे राहिला. शिवाय संस्था राजकारणाचे बळही झाल्या: नोकऱ्या, प्रवेश, निवडणुकीतले कार्यकर्ते, सगळे एका आवारात.

रयत शिक्षण संस्थेची आज चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि चाळीसच्या वर महाविद्यालये आहेत. विस्ताराची उणीव आता राहिलेली नाही. आज वर्गात कोण नाही, एवढेच पाहायला हवे. साखर हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या याच कृष्णाकाठी उतरतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही येतात. गावाकडची शाळा मध्येच सुटते, इथली धरेपर्यंत हंगाम संपत येतो. ही मुले मागे गावात राहून शिकावीत म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, पण ज्यांच्या फडात ऊस तुटतो आणि ज्या कारखान्यात तो गाळला जातो, त्यांच्यावरही त्या मुलांचा काही हक्क लागतो. भाऊरावांच्या बोर्डिंगामागे साखर कारखाना नव्हता, होती ती बाजूला काढलेली मूठ. आज टनावर थोडी रक्कम बाजूला काढून फडाजवळ एक बोर्डिंग चालवणे सातारा-सांगलीला अवघड नाही. शिक्षणाचा वारसा सांगायचा असेल, तर तो या मुलांच्या जेवणापासून सांगावा लागेल.