पाटी वाचता येण्याआधी

बालवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना कलासंग्रहालय दाखवायला न्यावे, असे कोणी सुचवले की ऐकणारा प्रथम हसतो. मग दोन आक्षेप येतात. ‘त्यांना काय कळणार तिथलं?’ हा पहिला, आणि ‘काहीतरी फोडून ठेवतील’ हा दुसरा. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर चांगल्या व्यवस्थेने देता येते. पहिल्याचा मात्र जरा थांबून विचार करायला हवा. कारण त्या प्रश्नात मुलांच्या अडाणीपणापेक्षा ‘कळणे’ म्हणजे काय, याविषयीची आपली स्वतःची समजूतच अधिक उघडी पडते.

आपण मोठी माणसे संग्रहालय कसे पाहतो ते आठवा. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांबरोबर जाण्याचा योग मला वरचेवर येतो, आणि एक गोष्ट हटकून दिसते. वस्तूपुढे उभे राहताच नजर जाते ती शेजारच्या पाटीकडे. नाव वाचायचे, शतक वाचायचे, धातू कोणता ते वाचायचे, मग एक ओझरती नजर वस्तूवर टाकायची आणि पुढच्या पाटीकडे वळायचे. पाटी वाचून झाली की वस्तू पाहून झाली, असा आपला समज असतो. बालवाडीतल्या मुलाला पाटी वाचता येत नाही. त्याच्यापुढे असते ती फक्त वस्तू, आणि तिच्याकडे पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. ही त्याची उणीव नव्हे, वाचकहो, हे त्याचे भांडवल आहे. अक्षरओळख झाली की ते हळूहळू खर्ची पडू लागते. म्हणून त्याला न्यायचे ते आधीच न्यावे.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून, पदरमोड करून जुन्या वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची संख्या २०,००० च्या वर आहे. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ हा कोणी सिंहासनावरचा राजा नव्हे. तो केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. एका मुलाच्या नावाने उभी असलेली ही वास्तू मुलांना परकी वाटू नये, एवढे तरी आपण पाहायला हवे.

आणि तिथे आहे तरी काय? दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, कुंकवाचे करंडे, दौती, कुलपे, दारे, वाद्ये. टाच घासायची वज्रीसुद्धा आहे. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला जे जग ठाऊक असते तेच: जेवणे, न्हाणे, दार उघडणे, दिवा लावणे. फरक एवढाच, की इथल्या दिव्यावर मोर बसलेला असतो आणि टाच घासायच्या वज्रीवरही कोणी कारागिराने पाखरू काढून ठेवलेले असते. पाय घासण्याची वस्तूदेखील देखणी असावी असे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट मुलाला व्याख्यान देऊन समजत नाही. वज्री पाहिली की समजते.

आता नेण्याची रीत. पहिला नियम असा, की संग्रहालय दाखवायचे नाही. तीन वस्तू दाखवायच्या. रांग करून, एकमेकांचे सदरे धरून, ‘चला, चला, पुढे चला’ करीत सगळी दालने फिरवली तर मूल घरी जाऊन एवढेच सांगते, की खूप चाललो आणि पाय दुखले. त्या दिवशी ते एक धडाही शिकते, की संग्रहालय म्हणजे न पाहता पुढे सरकण्याची जागा. हा धडा पुसायला पुढे फार वर्षे लागतात. कित्येकांचा तो पुसलाच जात नाही. म्हणून ताईंनी आधी एकटे जाऊन यावे, तीन वस्तू निवडाव्या, त्यांच्यासमोर बसायला जागा आहे का ते पाहावे, आणि पाण्याची व मोरीची सोयही पाहून ठेवावी. तहानलेल्या मुलाला कला दिसत नाही.

वस्तू निवडताना एक साधी मोजणी करावी. तीन वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ९५ सेंटीमीटर, पाच वर्षांच्याची सुमारे ११०. भिंतीवरची चित्रे बहुधा मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या बेताने, म्हणजे पाच फुटांच्या आसपास मध्य येईल अशी टांगतात. त्या मुलाच्या उंचीवर आपण एकदा उकिडवे बसून पाहावे. पुष्कळदा चित्राऐवजी काचेवरची चकाकीच दिसते! मग ‘हा नीट बघतच नाही’ असे आपण का म्हणतो? खालच्या फळीवरच्या वस्तू निवडाव्या, किंवा मुलांना थोडे मागे, जमिनीवर बसवावे.

बसल्यावर ताईंनी लगेच बोलू नये. हे सर्वांत अवघड. थोडा वेळ जाऊ द्यावा, मग एकच प्रश्न विचारावा, ‘काय काय दिसतंय?’ उत्तरे येऊ लागतात. ‘मोर.’ ‘त्याच्या तोंडात काहीतरी आहे.’ ‘साखळीला हत्तीपण आहे, ताई!’ प्रत्येक उत्तराला ‘कुठं, दाखव बरं’ म्हणावे, म्हणजे बाकीचीही शोधू लागतात. ‘तेल कुठं घालत असतील?’ असे विचारले की दिव्याची रचना मुले आपणच उलगडतात. मग मोरासारखी मान करून उभे राहू द्यावे. शतक, घराणे, शैली यांतले काही सांगू नये. विचारले तर ‘तुझ्या पणजीच्या पणजीच्या वेळचा’ एवढे पुरते. अर्ध्या-पाऊण तासात तीन वस्तू झाल्या की बाहेर यावे, आणि अंगणात खाऊ खावा.

हात लावण्याचा प्रश्न उरतोच. लहान मूल हाताने पाहते. बाई माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले तेव्हापासून ही गोष्ट शिक्षणात मान्य झालेली आहे. तेव्हा नुसते ‘हात लावू नका’ म्हणणे म्हणजे ‘अर्धेच पाहा’ म्हणणे. त्याऐवजी कारण सांगावे, की आपल्या हाताला घाम असतो, घामात मीठ असते, आणि त्याने पितळ काळे पडते. मुले कारण ऐकतात. आपणच ते सांगत नाही. आणि पिशवीतून घरची एक पितळी समई किंवा जुना तांब्या बरोबर न्यावा. थंड, जड, खरबरीत, गुळगुळीत हे सगळे त्यावर कळू द्यावे. काचेआडच्या दिव्याकडे मग मूल वेगळ्याच ओळखीने पाहते.

मुंबईकरांना तर याहून सोपी जागा आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले. पडला, फुटला, जोडला! चार वर्षांच्या मुलाला यापेक्षा जवळची कथा कोणती? सांधे कुठे आहेत ते शोधायला लावले, की शिल्पाकडे बारकाईने पाहण्याचा पहिला पाठ झाला.

आपण म्हणाल, हे शहरातल्यांचे झाले. आमच्या गावी कुठले संग्रहालय? १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढेही असाच प्रश्न होता. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, असा मार्ग त्यांनी काढला. तोच मार्ग इथेही आहे. देवळाच्या खांबावरचा नक्षीदार हत्ती, वाड्याचा दरवाजा, डहाणूकडच्या झोपडीत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक, ही सगळी न टांगलेली दालनेच होत. ‘काय काय दिसतंय?’ हा प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो.

परत आल्यावर माती द्यावी, खडू द्यावे, आणि आपण बाजूला व्हावे. या वयाचे मूल माणूस काढते तेव्हा डोक्यालाच पाय फुटतात. हत्तीचेही तेच होईल. ‘हत्ती असा असतो का?’ हे एक वाक्य मुलाचे चित्र काढणे कायमचे थांबवू शकते. त्यापेक्षा ‘याच्याबद्दल सांग’ म्हणावे आणि ऐकावे.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर केवळ कलेपुरते नाही. पुष्कळ घरांतून अशी समजूत असते, की संग्रहालय, ग्रंथालय, नाट्यगृह या इमारती दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत. आईबापांनी त्यांची पायरी कधी चढलेली नसते, मग मूलही दारातूनच परत फिरते. बालवाडीत मात्र सगळ्या घरांतली मुले एकत्र असतात. ज्याने चौथ्या वर्षी तिथल्या फरशीवर मांडी घालून खाली बसून मोर पाहिला, त्याला पुढे चौदाव्या वर्षी दारावरच्या पहारेकऱ्याची भीती वाटत नाही. आणि कदाचित त्याच रविवारी ते आपल्या आजीचा हात धरून तिला म्हणते, ‘चल, तुला आमचा मोर दाखवतो.’ आजी मुलाच्या मागे जाईल आणि अडकित्त्यापुढे थबकेल. तो कसा चालवायचा, हे तिथल्या कुठल्याही पाटीपेक्षा तिला चांगले ठाऊक असते. नातवाला ते तिने तिथेच सांगावे.