संगणकाचे विस्मरण

आजच्या कुटुंबात संगणकाने जुन्या ट्रंकेची जागा घेतली आहे. मुंजी-लग्नांची छायाचित्रे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आणि महाराष्ट्रापासून दूर वसलेल्या घरांत तर पूर्वजांच्या मोडी पत्रांच्या प्रतीही त्यातच जपलेल्या असतात. अशा वेळी बायॉस अद्ययावत केल्यावर यंत्र सुरूच होईना, म्हणजे घरात हलकल्लोळ माजतो. आणि कोणी ‘सर्व पुसून विंडोज नव्याने भरा’ असे सुचविले, की घाबरलेले मन त्यास रुकार देते. खरे नुकसान होते ते येथे.

बायॉस म्हणजे मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्ये साठविलेली मूळ आज्ञावली. बटण दाबताच प्रथम ती जागी होते, यंत्राच्या भागांची ओळख पटविते आणि मग विंडोजच्या हाती कारभार सोपविते. आज यूईएफआय ही नवी रचना रूढ असली, तरी बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे. ती बदलणे कधी अगत्याचेही असते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४ साली त्यावरील उपाय बायॉसमार्फतच देण्यात आला.

या बदलानंतर पूर्वीच्या सेटिंग्ज बहुधा पुसल्या जातात. वाड्यावर नवा कारभारी यावा, कोठारातील धान्य जागचे हललेले नसावे, परंतु कोणती किल्ली कोणत्या कुलुपाची हे त्यास ठाऊक नसावे, तशी ही अवस्था असते. आपली छायाचित्रे डिस्कवर असतात; बायॉसची चिप निराळी.

पडदा काळाच राहिला, तर प्रथम दहा-पंधरा मिनिटे थांबावे. डीडीआर-५ मेमरीच्या यंत्रांना पहिल्या खेपेस जुळणी करण्यास काही मिनिटे लागतात. डिस्क सापडत नाही असा संदेश आला किंवा निळा पडदा दिसला, तर बायॉसमध्ये जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : डिस्कचा क्रम, जुन्या ‘लीगसी’ पद्धतीची निवड, आणि डिस्कची पद्धत ‘रेड’ होती की ‘एएचसीआय’. पूर्वी जे होते तेच पुन्हा ठेवावे. याउपरही डेस्कटॉप हलेना, तर वीज पूर्ण तोडून मदरबोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी पाच मिनिटे काढून ठेवावी.

एक संदेश मात्र नीट वाचावा. एएमडीच्या काही यंत्रांवर ‘एफटीपीएम’ बदलल्याचे सांगून ‘वाय’ की ‘एन’ असे विचारले जाते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल आणि किल्ली हाताशी नसेल, तर ‘एन’ दाबावे. ही किल्ली अठ्ठेचाळीस अंकी असते व पुष्कळदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली आढळते. ती हरवली, तर कुशल कारागीरही हतबल होतो.

म्हणून पूर्वतयारी महत्त्वाची. सेटिंग्जची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे, मौल्यवान संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते, तेव्हा यूपीएसवाचून हे काम करू नये. मध्येच वीज गेलीच, तरी काही मदरबोर्डांवर पेनड्राइव्हमधून बायॉस पुन्हा भरण्याचे बटण असते; ते नसल्यास जाणकार कारागीर चिप नव्याने लिहून देतो. डिस्क तेव्हाही सुरक्षितच असते.

तेव्हा भोपाळच्या जवाहर चौकातील वाचकांनी यंत्र उचलून जवळच्या न्यू मार्केटात नेण्यापूर्वी, वा अन्य गावच्या वाचकांनी आपल्या दुकानदाराकडे धाव घेण्यापूर्वी, ही उजळणी एकदा करावी. न्यावेच लागले, तर ‘डिस्क पुसू नये’ असे चिठ्ठीवर लिहून ती यंत्रास चिकटवावी. आणि ते अठ्ठेचाळीस अंक, बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवलेल्या घरच्या वहीत, आजच उतरवून ठेवावेत.