खाल्लेल्या पानांची बाग

झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, मग ते झाड कोणतेही असो, ही समजूत पावसाळा आला की वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात नव्याने ऐकू येते, आणि तिचा पहिला भाग निर्विवाद असल्यामुळे दुसरा भाग तपासण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. सावलीपुरता विचार केला, तर मादागास्करचा गुलमोहर, मध्य अमेरिकेतून आलेली उंदीरमारी आणि येथला करंज यांत फारसा भेद उरत नाही. परंतु सृष्टीची सेवा करावयाची म्हटल्यावर त्या झाडाचे पान कोण खातो, हा प्रश्न टाळता येत नाही.

पाने खाणारे बहुतेक कीटक ठरावीक वनस्पतींवरच वाढतात, कारण वनस्पती स्वसंरक्षणासाठी पानांत जी रसायने साठवतात, ती पचविण्याची क्षमता असंख्य पिढ्यांच्या सहवासातूनच येते. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका ही पुष्कळदा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची कोवळी अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून लालसर, दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉनही कढीपत्ता ज्यात मोडतो त्या लिंबाच्या कुळावरच वाढते, आणि तरीही त्याचे कौतुक करणारी मंडळीच लिंबाला ‘कीड लागली’ म्हणून फवारणीचा पंप हाती घेतात, याला काय म्हणावे!

अळ्या नाहीत तर पक्ष्यांच्या पिल्लांना चारा नाही, कारण दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना प्रामुख्याने कीटकच भरवते. याविषयी शंका असल्यास डेझिरे नारांगो, डग्लस टॅलमी आणि पीटर मारा यांनी वॉशिंग्टन परिसरातील घरगुती बागांचा अभ्यास करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध पाहावा: स्थानिक वनस्पतींचे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेलेल्या बागांत कॅरोलिना चिकडी या छोट्या पक्ष्याची संख्या टिकू शकत नाही, असे त्यांना आढळले. हा आकडा तेथला आहे, तो पुण्या-नाशिकला जसाच्या तसा लावू नये. कार्यकारणभाव मात्र तोच. गुलमोहराची पाने खाणाऱ्या काही पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत हे खरे, पण तेवढ्याने पंगत भरत नाही.

परदेशी ते सारे घातक, हे उलट टोकही खरे नाही. मिरची आणि पेरू अमेरिकेतूनच आले, पण शोभेसाठी आणलेल्या घाणेरीप्रमाणे त्यांनी डोंगर व्यापले नाहीत. देशी रोपांना पाणी लागत नाही, हेही चूक: पहिले दोन-तीन उन्हाळे ते घालावेच लागते. गच्चीवर जागा नसल्याची सबब टिकत नाही, कारण कोरांटी आणि अबोली कुंडीत सुखाने वाढतात.

‘देशी’ म्हणजे भारतात कोठेही चालणारे, असे मात्र समजू नये. देवदार भारतीय असूनही सोलापूरचा नव्हे, आणि नान्नजसारख्या माळढोकाच्या माळरानाला ‘पडीक’ ठरवून तेथे झाडे लावली, तर उघड्या गवताळ जमिनीवर जगणाऱ्या त्या पक्ष्याच्या दृष्टीने वडही उपराच.