कढीपत्त्यावरची अळी: मारण्याआधी बघा

पावसाळ्यात कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली की परसातून मुलांची हाक येतेच, "आई, हे बघ काय!" पानावर पाखराची शिट पडल्यासारखं काहीतरी असतं, आणि काडी लावली की ते हलतं. आज या अळ्यांबद्दल बोलू. कोणती राहू द्यायची, कोणतीला हात लावायचा नाही, आणि झाडावर औषध का मारायचं नाही.

शिटेसारखी दिसणारी ही अळी फुलपाखराची. कढीपत्ता, लिंबू, बेल ही एकाच कुळातली झाडं, म्हणून ती या तिन्हींवर सापडते. शिट समजून पाखरं तिला सोडून देतात, हाच तिचा बचाव. मोठी झाली की ती कात टाकून हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दोन केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. मुलं दचकतात, पण ती चावत नाही आणि तिच्यामुळे खाजही सुटत नाही. आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून २०१५ साली जाहीर झालेलं नीलवंतसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

रुईच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसेल. तगरीवर निळ्या डोळ्यांची जाड हिरवी अळी असते. ते डोळे खरे नसतात, शत्रूला घाबरवायचे ठिपके असतात. याही निरुपद्रवी.

सुरवंटाचं मात्र वेगळं. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंट थव्याने बसतात. आंबा, नारळ, एरंडावर हिरवी काटेरी अळी असते. मुलांना एकच नियम सांगा: केस किंवा काटे दिसले, तर हात लावायचा नाही. तरीही लागलंच, तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, म्हणजे केस निघतात. मग साबणाच्या पाण्याने धुवा, कपडे बदला. डोळ्यात केस गेले, सूज वाढली किंवा श्वास लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

आता महत्त्वाचं. शेतात फवारून उरलेलं औषध आपण परसात आणतो आणि कढीपत्त्यावर मारतो. तीच पानं दुसऱ्या दिवशी आमटीच्या फोडणीत जातात, आणि त्याच झाडाखाली मुलं खेळतात. दोन-चार अळ्यांनी मोठं झाड मरत नाही, पुन्हा पालवी फुटते. रोप लहान असेल तर पानासकट अळी उचला आणि मोठ्या लिंबावर नेऊन ठेवा.

मुलांना अळी पाळायची असेल तर बरणीच्या तोंडाला पातळ कापड बांधा. आत एक काडी उभी ठेवा. ज्या झाडावर अळी सापडली, त्याचीच ताजी पानं रोज घाला आणि विष्ठा काढा. साधारण दोन-तीन आठवड्यांत ती काडीला कोष करते, पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येतं. पंख ओले असताना हात लावू नका. वाळले की ते आपोआप उडतं.

पुढच्या बैठकीला येताना मुलांनाही आणा. परसात कुठल्या झाडावर कोणती अळी दिसली, हे त्यांनाच सांगू द्या. आपण वहीत लिहून घेऊ. ज्या मुलाला अळी ओळखता येते, ते सुरवंटाला हात लावत नाही, आणि त्याच्या घरच्या कढीपत्त्यावर औषध मारायची वेळही येत नाही.