कवचातली खिडकी

वैशाखातल्या दुपारी सोलापूरच्या नवी पेठेतली वर्दळ ओसरते, दुकानदार पडदे खाली सोडून गल्ल्याशी पेंगू लागतात, आणि आमच्या दुकानामागच्या माजघरात उन्हाची तिरीपही येत नसली तरी तापमापकातला पारा अडतीस अंशांच्या आसपास रेंगाळत राहतो. आम्हाला नकोसा झालेला हा उकाडा माझ्या भाचीला यंदा मोठ्या सोयीचा वाटला. कारण कोंबडीचे अंडे उबण्यास लागणारी ऊब जवळजवळ एवढीच असते.

ती केंब्रिजला पीएच.डी. करते. शरीरक्रियाशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र हे तिथले दोन जुने विभाग २००६ साली एकत्र झाले आणि शरीरक्रिया, विकास व चेताविज्ञान असा एकच विभाग झाला. त्यात ती आहे. "तू दिवसभर तिथं करतेस तरी काय?" ह्या आजीच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देण्याऐवजी हातांनी द्यावे, असे तिने या सुटीत ठरविले.

दुकानातली अंडी सहसा फलित नसतात, म्हणून कोंबडे पाळणाऱ्या एका परिचितांकडून गावरान अंडी आणविली. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख व वेळ लिहिली. थर्माकोलच्या पेटीत लहानसा दिवा आणि हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याची वाटी ठेवून, तिने ती अंडी आडवी मांडली. आडव्या अंड्यात गर्भ बलकाच्या माथ्यावर तरंगून येतो. दोन दिवस रात्रंदिवस ती पेटीतला पारा पाहत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पहिले अंडे हाती घेतले. पण कात्रीचे टोक किंचित खोल गेले आणि बलक फुटला. ती चरफडली नाही. वहीत त्या अंड्याचा क्रमांक व चुकीचे कारण टिपून तिने दुसरे उचलले. त्याच्या बोथट टोकाशी सुईने भोक पाडून पिचकारीने थोडा पांढरा बलक काढून घेतला, तेव्हा आतला गर्भ कवचापासून खाली सरला. मग वरच्या बाजूस पारदर्शक चिकटपट्टी लावून, कवचाचा चुरा आत पडू न देता, तिने रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी कापली आणि गर्भाखाली पातळ केलेल्या काळ्या शाईचा थेंब सोडला.

शेजारच्या घड्याळजीकडून मागून आणलेले भिंग मी डोळ्याला लावले. शाईच्या काळोखावर तांदळाच्या दाण्याएवढी एक पांढुरकी, पारदर्शक आकृती उमटली होती. भोवती रक्तवाहिन्यांचे तांबूस जाळे, मधोमध हृदयाचे एवढेसे स्पंदन, आणि पाठीच्या रेषेच्या दोहो बाजूंस ओवल्यासारखे चौकोनी ठिपके. "ते कायखंड, मामा," ती म्हणाली, "पुढं त्यांचे मणके आणि पाठीचे स्नायू होतात. मोजा." मी दोनदा मोजले, १९ जोड्या भरल्या.

त्या ठिपक्यांच्या मधून, मज्जानलिकेच्या माथ्यावरून, काही पेशी आपली जागा सोडून प्रवासाला निघतात. वाटेत कुणाच्या आतड्यातल्या मज्जापेशी होतात, कुणाच्या त्वचेला रंग देणाऱ्या. विल्हेल्म हिस यांनी १८६८ साली कोंबडीच्या गर्भात ह्या पेशी प्रथम ओळखल्या. पण कोण कुठे पोचली हे सांगणे दीर्घकाळ दुष्कर होते. १९६९ साली फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी तोड काढली. लावा पक्ष्याच्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली निराळे ओळखू येते, हे ध्यानी घेऊन त्यांनी त्या पेशी कोंबडीच्या गर्भात रोवल्या. परक्या देहातल्या त्या पेशींनी जातील तिथले काम अंगावर घेतले, आणि केंद्रकावरची आपली खूण मात्र अखेरपर्यंत राखली.

हे ऐकताना माझ्या मनासमोर भाचीची प्रयोगशाळा उभी राहिली. एका मेजावर चिलीचा तरुण, दुसऱ्यावर चीनची मुलगी, तिसऱ्यावर नवी पेठेची ही नात. तिघांची भाषा व अन्न वेगळे, पण कवचाला भोक पाडताना तिघांचा श्वास सारखाच थांबतो. ही विद्या ग्रंथांतून थोडी आणि हातांतून अधिक चालत येते. डॉ. लीला मुल्हेरकर एडिंबरोला गर्भशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम शिकल्या आणि परतल्यावर पुणे विद्यापीठात त्यांनी ते शिष्यांच्या हाती दिले. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने घरी आणावी अशी ह्याहून मोलाची शिदोरी माझ्या दृष्टीने नाही.

आजीला खुर्चीवर बसवून भिंग दिले. बराच वेळ पाहून तिने विचारले, "आता उघडलंय, तर हे वाढायचं थांबेल का गं?"

"झाकलं तर वाढेल, आजी. दर दीड तासाला एक जोडी." भाचीने खिडकीवर चिकटपट्टी बसविली आणि अंडे पेटीत ठेवले. तेव्हा साडेआठ वाजले होते.

पेठेतली दुकाने एकामागून एक बंद होत गेली. शटर ओढल्याचे आवाज माजघरापर्यंत येत राहिले. कुणीही झोपायला उठले नाही. दहा वाजता भाचीने पेटी उघडली, दिवा जवळ धरला आणि भिंग प्रथम आजीच्या हाती दिले. आजीने बोट हवेत हलवीत, पुटपुटत मोजणी केली, आणि मान वर करून म्हणाली, "वीस."