पाचटाची राख नको, कोळसा करा



तोडणी उरकली की फडात काडी लागते, हे आम्ही गटागटांतून फिरताना दरसाल पाहतो. एकरी ३ ते ४ टन पाचट तासाभरात जाते. राखेत थोडेफार पालाश उरते. नत्र आणि कर्ब हवेत उडतात, आणि जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात.

लाकडाचा कोळसा आपल्या ओळखीचा आहे. पाचटाचाही तसाच होतो. हवा मिळाली की पाचट जळून राख होते. हवा तोडून नुसती धग दिली तर आधी त्यातले पाणी जाते. पुढे साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेणारा धूर निघतो आणि मागे मुख्यतः कर्ब, म्हणजेच कोळसा, उरतो.

पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली हे तंत्र पाचटासाठी बसवले. पाचट झाकणाच्या पिंपांत दाबून भरायचे, पिंपे भट्टीत ठेवायची आणि खालून थोडे पाचट पेटवायचे. पिंपांतून निघणारा धूरच मग जळू लागतो व भट्टी तापती ठेवतो. या कामाबद्दल संस्थेला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

वाळलेल्या १०० किलो पाचटापासून साधारण २० ते ३० किलो कोळसा मिळतो. तो भुगा असतो; म्हणून पिठाची खळ घालून कांड्या पाडायच्या व उन्हात वाळवायच्या. शेगडीला त्या चांगल्या चालतात.

मग सगळ्याच पाचटाचा कोळसा करायचा का? नाही. खोडवा राखणार असाल तर पाचट सरीतच ठेवा. ओल टिकते, तण दबते, कुजून खत होते. पण खोडवा मोडून लगेच दुसरे पीक घ्यायचे आहे, कुजवायला सवड नाही, अशा वेळी काडी ओढण्याआधी कोळशाचा विचार जरूर करा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. कोळसा पुरता थंड झाल्याशिवाय पोत्यात भरू नका; आतल्या आत धुमसून तो पुन्हा पेटतो. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. घरातल्या बायामाणसांना व पोरांना हे आवर्जून सांगा.

यंदा निदान एका फडाची काडी वाचवून पाहा. काही अडले तर गट ऑफिसात या, बसून बोलू.

— ऊस विकास अधिकारी