सरनामा काय कामाचा?

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये परिपाठाला संविधानाचा सरनामा वाचला जातो. बालभारतीच्या पुस्तकांत तो ‘उद्देशिका’ या अधिकृत नावाने अगदी सुरुवातीला छापलेला असतो. तो अनेकांना तोंडपाठ आहे, पण त्याचा उपयोग काय, असं विचारलं की उत्तर सुचत नाही. कायद्याचं थोडंफार वाचलेले लोक सांगतात की नुसत्या सरनाम्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. त्यातून ना नागरिकाला हक्क मिळतो, ना सरकारला अधिकार. ते खरंच आहे. तरीही सरनामा ही शोभेची कमान नव्हे. हे संविधान कुणी केलं आणि कशासाठी केलं, याची उत्तरं तिथेच दिलेली आहेत. ती नसती, तर पुढच्या कलमांचा अर्थ ज्याच्या हाती सत्ता त्याच्या सोयीने लावणं फार सोपं झालं असतं.

संविधान सभेने सरनामा जवळजवळ शेवटी चर्चेला घेतला. दिशा आधीच ठरलेली होती. नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव 13 डिसेंबर 1946 रोजी मांडला होता आणि 22 जानेवारी 1947 रोजी तो मंजूर झाला होता. पण सरनामा कलमांशी जुळायला हवा, म्हणून त्याचा मसुदा सभागृहापुढे आला तो 17 ऑक्टोबर 1949 रोजी. अध्यक्षस्थानी राजेंद्र प्रसाद होते. संविधानाची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. देवावर मत देण्याच्या पेचात आम्हाला टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. जो सरनामा प्रत्येकाला विचाराचं आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो, त्याच्याच आरंभी एक सामूहिक श्रद्धा सगळ्यांवर लादायची कशी, असा हृदयनाथ कुंझरू यांचा सवाल होता. कामत मागे हटले नाहीत. मतदान झालं: बाजूने 41, विरोधात 68. विरोधात मत देणारे सगळे नास्तिक होते असं मुळीच नाही. देव आहे की नाही हा वादच नव्हता. वाद होता तो संविधानाच्या आरंभी नाव कुणाचं असावं याचा. त्याच दिवशी जनतेचं सार्वभौमत्व आणखी ठळकपणे लिहावं, अशीही सूचना आली. त्यावर डॉ. आंबेडकरांचं उत्तर स्पष्ट होतं: या संविधानाचा उगम ब्रिटिश पार्लमेंटमध्ये नाही, लोकांमध्ये आहे, आणि मसुद्यातली शब्दरचना तेच सांगते.

‘आम्ही, भारताचे लोक’ ही मुळात कल्पनाच आहे, असा आक्षेप इथे घेतला जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. सभेतले प्रांतांचे सदस्य प्रांतिक कायदेमंडळांनी निवडले होते, आणि त्या कायदेमंडळांच्या निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींनी मर्यादित होता. बहुसंख्य भारतीयांना कुणी विचारलंच नव्हतं. पण याच सभेने अनुच्छेद 326 लिहून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताधिकार दिला आणि 1951-52 मध्ये त्याप्रमाणे निवडणूक झाली. त्यानंतर लोकांनी निवडलेल्या संसदांनी संविधानात शंभराहून अधिक दुरुस्त्या केल्या, पण ते रद्द करून नवं करा असा कौल मतदारांनी कधी दिला नाही. 1949 मध्ये जो दावा होता, तो मतदारांनी पुढे खरा करून दाखवला.

आता कोर्टाचा मुद्दा. बेरुबारी या प्रदेशाचा काही भाग पाकिस्तानला देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरनामा संविधानकर्त्यांच्या मनातलं उलगडून दाखवतो, पण तो संविधानाचा भाग नाही. हे मत तेरा वर्षं टिकलं. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने ते बाजूला सारलं. सरनामा संविधानाचा भाग राहील, असा प्रस्ताव संविधान सभेने 17 ऑक्टोबर 1949 रोजी रीतसर मंजूर केला होता, हे तेव्हा पुढे आलं. सात विरुद्ध सहा अशा मतांनी न्यायालयाने ठरवलं की संसद संविधान दुरुस्त करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्या चौकटीत काय काय येतं हे सांगताना सरन्यायाधीश सिक्री यांच्यासह काही न्यायाधीशांनी आधार घेतला तो सरनाम्याचा. ज्याच्या जोरावर साधा दावाही लावता येत नाही, त्याच मजकुराने संसदेच्या अधिकाराची हद्द आखायला मदत केली.

मग आणीबाणीत सरनामा कुठे होता? नागरिकांचं स्वातंत्र्य गेलं, आणि त्याच काळात, 1976 मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द सरनाम्यात घातले गेले. खाली तारीख मात्र 26 नोव्हेंबर 1949 हीच राहिली. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात असताना देशाच्या संकल्पात बदल करणं चुकीचंच होतं. मात्र पुढे जनता पक्षाच्या सरकारने 1978 मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीतलं बरंच काही उलटवलं, आणि हे शब्द राहू दिले. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. सरनामा हुकूमशाहीला अडवू शकत नाही, हे कबूलच करायला हवं. पण सत्तेने नेमकं काय मोडलं, हे लोकांना दाखवून देणारं माप त्यात असतं, आणि 1977 मध्ये मतदारांनी ते माप लावलं.

एक शब्द मात्र कोर्टाच्या हाती जवळजवळ लागतच नाही: बंधुता. उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीने तो फाळणीनंतरच्या रक्तपाताच्या काळात घातला, कारण बंधुभावाची गरज तेव्हा होती तितकी कधीच नव्हती, असं समितीला वाटलं. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात आंबेडकरांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटलं, ते बंधुतेबद्दल बोलतानाच. न्याय, स्वातंत्र्य आणि समानता यांच्यासाठी निदान कलमं आहेत. बंधुतेसाठी अस्पृश्यताबंदीचं सतरावं कलम सोडलं तर फारसं काही नाही. ती वस्तीत, पंगतीत आणि लग्नाच्या बोलणीतच ठरते. म्हणून शिक्षकांना विनंती आहे: परिपाठाला सरनामा म्हणून झाला की वर्षातून एक तास तरी मुलांना 17 ऑक्टोबर 1949 ची ती चर्चा सांगा, आणि बंधुता या शब्दावर मुलांना मोकळेपणाने बोलू द्या.